वायसर चाचांच्या बोटांवरचं सोल्यूशन

वायसर चाचांच्या हाताला इसब झालंय, आणि तेही एकाचं दुसऱ्याला लागणारं, ही बातमी तळमजल्यावरच्या शिंप्याने सोमवारी दुपारी सोडली. मंगळवारी दुधाच्या पिशव्या वर जाईपर्यंत ती चौथ्या मजल्यावर पोचलेली होती. पुरावेही भक्कम होते. चाचा हल्ली कुणाशी हात मिळवत नव्हते. कुणी पुढे केलाच तर स्वतःचा हात छातीवर ठेवून मान हलवायचे आणि सटकायचे. वाण्याकडून त्यांनी एका महिन्यात खोबरेल तेलाच्या तीन बाटल्या नेल्या होत्या, आणि डोक्यावर तर मोजून मूठभर केस. शिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की चाचा गॅलरीत उकिडवे बसून बोटांवर पॉलिश पेपर घासतायत. सुतार दारं घासतात तो. त्या बाईंनी मग आपला गळका नळ दहा दिवस गळू दिला, खाली बादली लावली, रोज दोनदा ती ओतली, पण चाचांना काही बोलावलं नाही.

तर इसब वगैरे काही नव्हतं. चाचांना झालं होतं ते शिक्षण. गोवर लहानपणी निघाला तर आठवड्यात बरा होतो, मोठेपणी निघाला तर माणसाला आडवा करतो. शिक्षणाचंही तसंच. चाचांना ते चोपन्नाव्या वर्षी निघालं.

चाचा प्लंबर. वायसर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. नळ गळो, गिझर कुरकुरो, टाकी भरायची थांबो, चाचा मान तिरकी करून आधी एकच निदान करत: "वायसर गेलाय." त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला तेव्हाही ते हेच म्हणाले होते. सासूबाई चिडल्या, डॉक्टरकडे गेल्या, आणि डॉक्टरांनी फोटो काढून आतली गादी झिजल्याचं सांगितलं. तेव्हापासून सासूबाई त्यांना मानायला लागल्या.

कामात मात्र माणूस चोख. प्लास्टिकचे पाइप जोडताना सोल्यूशन लावतात. पाइप आत सारला की ते कडेने गोल बाहेर येतं. बाकीचे प्लंबर ते तसंच सुकू देतात, फार तर चिंधी फिरवतात. चाचा अंगठ्याने पुसत. एकाच फेऱ्यात, न थांबता, अंगठा पाइपभोवती फिरला की जोड असा दिसे की पाइप मुळात एकसंधच होता. गिऱ्हाईक बघत असेल तर चाचा तो फेरा जरा सावकाश घेत. चिंधीने पुसणाऱ्यांबद्दल ते फारसं चांगलं बोलत नसत. या फेऱ्यापायी त्यांच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर सोल्यूशनचा कायमचा पातळ पापुद्रा असे, जुनं निघायच्या आत नवं बसे. अठ्ठावीस वर्षं हा धंदा चालला होता, आणि अठ्ठावीस वर्षं पाच वेळची नमाजही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संबंध लागला तो एका टिपटिपणाऱ्या नळामुळे. मशिदीच्या वुजूखान्यात, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुवायच्या जागेत, तिसरा नळ गळत होता. चाचा एका गुरुवारी असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजनंतर पाना घेऊन तिथे गेले. तिथे मोठ्या माणसांचा वर्ग चालू होता. शिकवणारे उस्ताद सत्तावीस वर्षांचे, आणि सात विद्यार्थ्यांत सगळ्यात तरुण विद्यार्थी पन्नाशीचा. विषय होता शरीराच्या पाकीचे, शुद्धतेचे नियम: कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही, कुठला अवयव कुठपर्यंत धुवायचा, वुजू कशाने मोडतं. वर्ग गेले दोन आठवडे चेहऱ्यावरच अडकला होता. कारण घड्याळवाले आजोबा. आजोबांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट पूर्ण उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

"चेहरा कपाळावरच्या केसांपर्यंत धुवायचा, बरोबर?" आजोबा विचारत होते.

"बरोबर."

"मग टकल्याने कुठे थांबायचं?"

चाचांच्या हातातला पाना हसण्याने निसटला आणि फरशीवर आपटला. उस्तादांनी मात्र गंभीरपणे उत्तर दिलं. "साधारण माणसाचे केस जिथे सुरू होतात, तिथपर्यंत. टक्कल कितीही मागे गेलं तरी चेहरा त्याच्यामागे जात नाही."

चाचांना हे उत्तर आवडलं. म्हणजे याचाही कुणीतरी विचार करून ठेवलेला होता तर. त्यांनी वायसर बदलला आणि हात पुसत तिथेच टेकले. मग उस्ताद म्हणाले की पैगंबरांचं अख्खं वुजू पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात व्हायचं, आणि चाचा ताठ झाले. पाणी हा त्यांचा प्रांत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाखाली बादली ठेवून पाच जणांचं पाणी मोजलं. सगळ्यात कमी सहा लिटर निघालं. आजोबांचं अकरा. चाचा बाटली घेऊन घरी बसले, चार वेळा प्रयत्न करून पाऊण लिटरात वुजू बसवलं आणि ते बायकोला करून दाखवलं.

"फार छान," चाची म्हणाली. "आता तेवढ्याच पाण्यात भांडी घासून दाखवा."

पुढच्या गुरुवारी चाचा पाना न घेता गेले. त्या दिवशी हात होते.

उस्तादांनी सांगितलं की बोटांच्या टोकांपासून कोपरांपर्यंत पाणी कातडीला लागलं पाहिजे. सुईच्या टोकाएवढी जागा कोरडी राहिली तरी वुजू झालं नाही, आणि वुजू नाही तर नमाज नाही. नुसता रंग असेल, मेंदीसारखा, तर हरकत नाही, तो पाणी अडवत नाही. पण थर असेल, वाळलेली कणीक, मेण, तेलरंग, पाणी आत जाऊच देणार नाही असं काही, तर ते आधी काढायचं.

चाचांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. पाणी कशाने अडतं आणि कशाने नाही, हे त्या जागेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सोल्यूशनच्या डब्यावर छापलेलंच असतं की थेंबही झिरपणार नाही. चाचा स्वतः दर गिऱ्हाइकाला वर छातीठोक सांगत, "बाई, भिंत पडेल, पण इथून पाणी जाणार नाही." आता काय करणार? सोल्यूशन खोटं म्हणावं तर अर्ध्या वस्तीतले जोड खोटे. खरं म्हणावं तर अठ्ठावीस वर्षांची नमाज गेली.

विचारायला उस्ताद समोरच बसले होते. पण चाचा गप्प राहिले. विचारलं की उत्तर मिळतं, हीच तर भीती होती. न विचारता नुसता संशय होता, आणि संशयासोबत माणूस जेवतो, झोपतो, कामाला जातो. तिथे बसून त्या तरुण माणसाने "नाही झाली" म्हटलं असतं, तर चाचांना घरी जाताना जिना चढवला नसता.

पहिल्या दिवशी त्यांनी एक पळवाट शोधली. प्लास्टिकचे पाइप नंतर आले. त्याआधी दहाएक वर्षं लोखंडी पाइप होते, तेव्हा कुठे सोल्यूशन होतं? म्हणजे तेवढी दहा वर्षं तरी वाचली. या आनंदात त्यांनी दोन घास जास्त खाल्ले. मग हात धुताना आठवलं की लोखंडी पाइपाच्या आट्यांना सूत गुंडाळून सफेदा फासत. तोही अंगठ्यानेच. आणि सफेदा तर सोल्यूशनपेक्षा चिवट.

मग सुरू झालं ते सगळं, ज्याचं शिंप्याने इसब केलं. आधी खोबरेल तेल. तेलाने बोटं मऊ झाली, पापुद्रा तसाच. मग रॉकेल. रॉकेलने थोडं निघालं, पण वासाने जमातीत, सगळ्यांसोबत ओळीत उभं असताना, शेजारचा माणूस एक वीत पलीकडे सरकला आणि त्याच्या शेजारचा दोन वीत. मशिदीत वास घेऊन येणं बरं नाही, हेही नुकतंच शिकून झालं होतं. म्हणून ते बंद. उरला पॉलिश पेपर.

पॉलिश पेपरने सोल्यूशन निघतं. चाचांना तर माहीतच होतं, ते पाइपांची टोकं त्यानेच घासत. पण पाइपाला रक्त नसतं. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी अंगठा घासला, वुजू केलं आणि उठले, तर मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ. रक्त वाहिलं की वुजू मोडतं, हे त्यांना लहानपणापासून पाठ. पुन्हा बसले. रक्त थांबेपर्यंत अंगठा दाबून धरला, पुन्हा धुतला, तर नखाच्या कडेला काहीतरी चमकलं. सोल्यूशनच असणार. पुन्हा पेपर. पुन्हा रक्त. असं चार वेळा झालं. वुजू पुरं व्हावं म्हणून घासायचं, आणि घासलं म्हणून ते मोडायचं. पाचव्यांदा ते उठले तेव्हा लोक चपला घालून बाहेर पडत होते. सबंध आयुष्यात त्यांची शुक्रवारची जमात पहिल्यांदा चुकली, आणि तीही वुजूखान्यात बसून.

घरी चाचीने बोटांना पट्ट्या बांधल्या. बांधता बांधता सगळं काढून घेतलं.

"म्हणजे अठ्ठावीस वर्षांचं पुन्हा करायचं म्हणताय?"

"प्रत्येक नमाजसोबत एक जुनी. तेवढ्यात बसतं."

"म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षं. चोपन्न नि अठ्ठावीस, ब्याऐंशी." चाचीने गाठ जरा जोरातच मारली. "तुमच्या घरात सत्तरीच्या पुढे कोण गेलंय हो? तुमचे अब्बा अडुसष्टला गेले."

"म्हणून तर आजपासूनच सुरू करायला हवं."

"आणि माझ्या नखात कणीक असते तिचं काय? माझीही गेली का सगळी?"

हे चाचांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते एकदम पांढरेफटक पडले.

"अहो, घाबरताय काय! काडीने काढते, धुते, उभी राहते. झालं," चाची म्हणाली. "आणि तुमचा तो पोरगेलासा उस्ताद काय म्हणतो?"

"त्यांना विचारलं नाही."

चाचीने उरलेली पट्टी गुंडाळली, कात्री जागेवर ठेवली, आणि मग म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी पाणी कुठे मुरतंय ते बघायला भिंत फोडता. आपलं बघायला नुसतं तोंड उघडायचंय, तर तेवढंही होत नाही."

त्या गुरुवारी उस्तादांनी हातांची उजळणी घेतली आणि करून दाखवायला नेमकं चाचांनाच बोलावलं. चाचांनी पट्ट्या बांधलेली तीन बोटं वर केली.

उस्तादांचा चेहरा उजळला. शिकवणाऱ्या माणसाला असं काही आयतं मिळालं की त्याला दुखऱ्याचं दुखणं जरा उशिराच दिसतं. "वा! आज धडा चाचांनीच आणलाय. बघा, जखमेवर पट्टी असेल आणि ती सोडल्याने त्रास होत असेल, तर सोडायची नाही. बाकीचा हात धुवायचा आणि पट्टीवरून फक्त ओला हात फिरवायचा." मग त्यांना सुचलं. "पण लागलं कशाने, चाचा?"

"पाइप..." चाचांनी सुरुवात केली. पण मशिदीत बसून थाप मारणं काही जमेना. तेव्हा त्यांनी आडवाट घेतली. "उस्तादजी, एक विचारायचं होतं. माझं नाही. माझ्या ओळखीचा एक प्लंबर आहे..."

"या वस्तीत प्लंबर एकच आहे," घड्याळवाले आजोबा म्हणाले, "आणि तो इथे बसलाय."

वर्ग हसला. चाचाही हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सोल्यूशन, सफेदा, अंगठ्याचा फेरा, रॉकेल, पॉलिश पेपर, शुक्रवार. शेवटी म्हणाले, "माझी झाली की नाही, तेवढं सांगा. नाही झाली असेल तर तसं सांगा. मी आजपासून सुरू करतो."

उस्तादांनी त्यांचा दुसरा हात हातात घेतला, उजेडाकडे वळवला. त्या अंगठ्यावरही थोडा पापुद्रा होता, तो नखाने खरवडून पाहिला, थोडं पाणी टाकून पाहिलं. महिनाभरात चाचांचा हात असा कुणी धरला नव्हता.

"दोन गोष्टी मी आत्ताच सांगतो," उस्ताद म्हणाले. "एक, पॉलिश पेपर आजपासून बंद. कातडी सोलून काढणं हा कुठल्याच किताबात पाकीचा नियम नाही. दोन, मागचं पुन्हा करायला अजून सुरुवात करू नका. बाकीचं मी माझ्या उस्तादांना विचारून पुढच्या गुरुवारी सांगतो. मला पूर्ण माहीत नाही, आणि एवढ्या वर्षांवर मी अंदाजाने बोलणार नाही."

तो आठवडा चाचांनी कसा काढला ते चाचीलाच माहीत. रात्रीच्या जेवणात मीठ नव्हतं तरी त्यांना कळलं नाही. एका घरी उलट्या बाजूने नळ बसवून आले, गरम पाणी थंडातून यायला लागलं. शिंप्याने जिन्यात पट्ट्या पाहिल्या आणि इसब आता हाडापर्यंत गेल्याचं जाहीर केलं.

गुरुवारी उस्ताद वेळेआधीच येऊन बसले होते. चाचा मागे भिंतीशी बसायला लागले, तर त्यांना पुढे बोलावलं.

"माझ्या उस्तादांनी आधी एकच प्रश्न विचारला," ते म्हणाले. "हा माणूस कामावरून आल्यावर हात धुवायचा की नाही?"

"रोज," चाचा म्हणाले. "साबण आणि भुसा. पंधरा मिनिटं. निघेल तेवढं सगळं काढायचो."

"चाची मला तेच म्हणाल्या."

चाचांनी चमकून पाहिलं. "ती इथे आली होती?"

"मंगळवारी. म्हणाल्या, हे स्वतःबद्दल कमीच सांगतील, म्हणून आले." उस्ताद हसले. "तर ऐका. रंगारी, कणीक मळणारे, मातीत काम करणारे, यांचा प्रश्न जुन्या आलिमांपुढे, धर्माच्या जाणकारांपुढेही आला होता. ज्याच्या धंद्यात हाताला काही चिकटतंच, जो निघेल तेवढं काढतो, आणि उरलेलं इजा केल्याशिवाय निघत नाही, त्याला त्या उरलेल्याची सूट आहे. तुम्ही तर रोज काढतच होता. मागचं पुन्हा करायचं नाही. एकही नाही."

चाचांना वाटलं होतं की असं काही ऐकलं तर रडू येईल. आला तो प्रश्न.

"आणि सफेद्याचं?"

"सफेद्याचंही तेच."

"टाक्यांना लावतो ते मिश्रण?"

"तेही."

"बरं, आणि अंगठ्याला समजा एखाद्या दिवशी साबण लावायचा राहिला असेल, आता आठवत नाही, पण समजा..."

"चाचा," उस्ताद म्हणाले, "हात धुतले हे पक्कं माहीत आहे, राहिले का हे माहीत नाही. अशा वेळी जे पक्कं आहे ते धरायचं. नुसत्या शंकेने ते जात नाही. ही सूट मी देत नाहीये, हाही नियमच आहे."

"मग पुढे काय?" हे घड्याळवाल्या आजोबांनी विचारलं. त्यांना अजून घड्याळ मिटवायचं नव्हतं.

"पुढे आता कळलंय, तर काळजी घ्यायची. सोल्यूशन ओलं असतानाच पुसायचं. हातमोजे घालता आले तर घालायचे. आणि जोड अंगठ्याने नाही पुसायचा. चिंधीने."

चिंधी म्हटल्यावर चाचांचा चेहरा एवढासा झाला. अठ्ठावीस वर्षांची नमाज परत मिळाल्याचा आनंद एकीकडे, आणि हे एकीकडे. पण ते हो म्हणाले.

जखमा भरायला तीन आठवडे लागले. पहिली चिंधी फिरवली त्या दिवशी चाचा जोडाकडे बराच वेळ बघत राहिले, आणि गिऱ्हाइकाने "काय झालं?" विचारल्यावर "काही नाही, असाच ठेवायचा असतो," असं म्हणाले. आता हळूहळू चिंधीचाही फेरा बसायला लागलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी इसबाची चौकशी करून, चाचांचे दोन्ही हात उलटसुलट बघून मगच आपला नळ दाखवला. वायसरच गेला होता.

शिंप्याला मात्र आपली बातमी खोटी ठरली याचं दुःख होतं. नवी काही मिळते का ते बघायला त्याने पुढच्या गुरुवारी असरनंतर चाचांना जिन्याच्या तोंडाशीच अडवलं. हातात टेप, कानावर खडू, आणि अंग असं की बाजूने मांजरही जाऊ नये.

"काय रे वायसर, सुटलास म्हणे. हात तर झाले चकाचक. मग आता पुन्हा निघालास कुठे? आणि खरं सांग, त्या अठ्ठावीस वर्षांचं काय? तो पोरगा झाली म्हणाला म्हणून वरती कबूल झाली असं कशावरून?"

चाचा म्हणाले, "ते ठरवणारा मीही नाही आणि तूही नाहीस. सरक बाजूला, आज पाय आहेत."